मोसम कोणाचा?

आमच्या कोल्हापुरात वर्ल्ड कपचे झेंडे नेहमी ओले असतात. जून लागला, की पेठापेठांतून ब्राझीलचे पिवळे आणि अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे चढतात आणि त्यांच्या पाठोपाठ पाऊस येतो. वर्ल्ड कप म्हणजे पावसाळा, चिखलानं भरलेलं मैदान आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा टीव्ही, हे समीकरण आमच्या लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. २०२२ साली मात्र झेंडे कोरडेच राहिले. १८ डिसेंबरचा तो रविवार मला आठवतो. रात्री साडेआठला अंतिम सामना होता. चौकात पडदा लावला होता, बाजूला शेकोटी पेटली होती, पोरं कानटोप्या घालून बसली होती. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ हात शेकत मला म्हणाले, "काय ओ कवी, ह्यो वर्ल्ड कप थंडीत कसा काय आला?"

मी म्हटलं, "कतारच्या उन्हानं आणला."

उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. त्या अपुऱ्या उत्तराचा उरलेला भाग आज तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. 'मोसम' हा शब्द आपण आंब्याला लावतो, लग्नाला लावतो, फुटबॉललाही लावतो. शब्द मूळचा अरबी, 'मौसिम'. एखाद्या गोष्टीची ठरलेली वेळ, असा त्याचा अर्थ. अरबस्तानातून आपल्या पश्चिम किनाऱ्याला गलबतं घेऊन येणारे खलाशी ज्या वाऱ्यावर येत, त्या वाऱ्याची वेळ ठरलेली असे. त्याच शब्दाचा पुढे पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत 'मान्सून' झाला. म्हणजे ज्या भाषेनं जगाला मोसम हा शब्द दिला, त्याच भाषेच्या मुलखात फुटबॉलचा मोसम बदलावा लागला. पण मोसम ठरलेला असतो म्हणजे तो कोण ठरवतं? खरा प्रश्न हा आहे.

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिचमध्ये फिफाच्या कार्यकारी समितीनं २०२२ च्या स्पर्धेचं यजमानपद कतारला दिलं. शेवटच्या फेरीत कतारला १४ आणि अमेरिकेला ८ मतं पडली. त्या वेळी स्पर्धा जून-जुलैमध्येच व्हायची होती. दोह्यात त्या दिवसांत दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि समुद्राच्या दमटपणामुळे अंगावरचा घामही वाळत नाही. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. चिलीचे हॅरल्ड मेन-निकोल्स यांच्या नेतृत्वाखाली फिफाच्याच पथकानं सर्व इच्छुक देशांची पाहणी केली होती आणि कतारमधल्या जून-जुलैच्या उन्हापासून खेळाडू, पंच आणि प्रेक्षकांच्या आरोग्याला धोका संभवतो, असं मतदानाच्या आधीच लिहून दिलं होतं. कतारचं उत्तर होतं, की आम्ही स्टेडियमच गार करू. खुर्च्यांखालून आणि मैदानाच्या कडेनं थंड हवा सोडायची. थंड हवा जड, ती खालीच साचून राहते. पुढे आठपैकी सात स्टेडियममध्ये ही सोय झालीही. पण स्टेडियम गार करता येतं, गाव गार करता येत नाही. हॉटेलपासून मैदानापर्यंत चालत येणाऱ्या माणसाचं काय? अखेर २०१४ मध्ये फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीच या निवडीत चूक झाल्याचं मान्य केलं.

स्पर्धा पुढे ढकलण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा युरोपात मोठा गहजब झाला. परंपरा मोडली, असं म्हणू लागले. परंपरा होती हे खरंच. १९३० पासून २०१८ पर्यंत २१ विश्वचषक झाले आणि ते सगळे मे अखेर ते जुलै या काळातच झाले. पण ही परंपरा कोणाच्या सोयीची? युरोपातल्या लीग ऑगस्टपासून मेपर्यंत चालतात. मधली जी सुट्टी, तिच्यात वर्ल्ड कप. उरुग्वे, चिली, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका हे देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला. जून-जुलै हा त्यांचा हिवाळा. त्यांनी आपल्या हिवाळ्यात स्पर्धा भरवली आणि कुणालाही ते वावगं वाटलं नाही, कारण युरोपच्या पंचांगाला धक्का लागला नव्हता.

ऑलिंपिकनं तर हे फार पूर्वी केलं होतं. मेलबर्नचं ऑलिंपिक १९५६ मध्ये नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालं, टोकियोचं १९६४ मध्ये ऑक्टोबरात. आफ्रिकी देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा अनुभवही असाच. तिथले आयोजक युरोपची सोय बघून स्पर्धा जून-जुलैला नेऊ पाहत होते. आयव्हरी कोस्टमध्ये ते दिवस पावसाचे, म्हणून २०२३ ची स्पर्धा २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत खेळवावी लागली. पाऊस काही युरोपचं वेळापत्रक वाचून पडत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

आणि ऊन काय, पूर्वी नव्हतं? १९८६ चा मेक्सिकोतला वर्ल्ड कप मी शाळकरी वयात दूरदर्शनवर पाहिला. त्यातला अर्जेंटिना-इंग्लंड सामना मेक्सिको सिटीत भर दुपारी बारा वाजता सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि युरोपात संध्याकाळ होती. मॅराडोनानं अर्धा संघ चुकवून केलेला तो गोल आपण रात्रीच्या गारव्यात पाहिला, त्यानं तो डोक्यावर सूर्य घेऊन केला. युरोपातल्या माणसानं कामावरून घरी येऊन टीव्ही लावावा, म्हणून खेळाडूंनी दुपारी धावायचं. १९९४ मध्ये अमेरिकेतही तेच झालं. कॅलिफोर्नियातला अंतिम सामना साडेबारा वाजता सुरू झाला. तेव्हा उन्हासाठी कुणी तारीख बदलली नाही.

२०१५ मध्ये मात्र बदलावी लागली. आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष शेख सलमान यांच्या अध्यक्षतेखाली फिफानं एक गट नेमला. त्याच्यापुढे मोजकेच पर्याय होते. जानेवारी-फेब्रुवारी घ्यावा, तर हिवाळी ऑलिंपिक आडवं येत होतं. एप्रिलअखेर ते मेअखेर घ्या, असं युरोपातल्या क्लबांचं म्हणणं होतं. पण २ एप्रिल २०२२ ला रमजान सुरू होणार होता. संघांची तयारी रोज्यांच्या महिन्यात आणि स्पर्धा वाढत्या उन्हात, असा तो पर्याय होता.

इथे थोडं थांबतो, कारण रमजानचं हे फिरणं माझ्या घरातलं आहे. आमचं वर्ष चंद्राचं. ते सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. त्याला अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीस-चौतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माझी अम्मी सांगायची, की माणसानं आयुष्यात उन्हाळ्याचेही रोजे धरावेत आणि थंडीचेही, म्हणजे कुणाच्या वाट्याला कायमची सोय येत नाही आणि कायमची गैरसोयही नाही. रमजान हा शब्दही 'रमद' या धातूतला, भाजून काढणारी उष्णता असा त्याचा अर्थ. २०१४ मध्ये ब्राझीलच्या वर्ल्ड कपमध्ये बाद फेरी आणि रमजान एकत्र आले होते आणि अल्जीरियाचा संघ त्याच दिवसांत जर्मनीशी झुंजला होता. फिरणाऱ्या वर्षाशी खेळाडू जुळवून घेत आले आहेत. पंचांगाचे मालक तेवढे सहज जुळवून घेत नाहीत.

अखेर १९ मार्च २०१५ ला नोव्हेंबर-डिसेंबरवर शिक्कामोर्तब झालं. अंतिम सामना १८ डिसेंबरला, कतारच्या राष्ट्रीय दिनी. स्पर्धा कमी दिवसांत आटोपायची. ज्यांचं नुकसान होणार होतं, त्यांची समजूत काढली गेली. खेळाडू सोडण्याबद्दल क्लबांना द्यायची रक्कम २०१४ मध्ये सात कोटी डॉलर होती. ती २०१८ आणि २०२२ च्या स्पर्धांसाठी प्रत्येकी २० कोटी ९० लाखांवर गेली. ज्या अमेरिकी वाहिनीच्या अन्य खेळांशी तारखा टकरावणार होत्या, तिला २०२६ चे हक्क निविदा न मागवताच मिळाले. इंग्लंडची लीग १३ नोव्हेंबरला थांबली आणि २६ डिसेंबरला पुन्हा सुरू झाली. आभाळ कोसळलं नाही. उलट मोरोक्कोच्या रूपानं पहिल्यांदाच एक आफ्रिकी संघ उपांत्य फेरीत पोचला, आणि मेस्सीच्या हाती चषक आला तेव्हा आमच्या चौकातली शेकोटी विझायची राहून गेली.

पण त्या रात्री गर्दीत मला आठवत होता माझा मामेभाऊ.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथल्या मुसलमान वाड्यांत घरटी एक माणूस आखातात. मामेभाऊ सेंट्रिंगचं काम करायचा. २०११ मध्ये तो दोह्याला गेला. स्टेडियमवर नव्हे, पण ज्या वर्ल्ड कपसाठी सारं शहर नव्यानं उभं राहत होतं, त्यातल्या एका पुलाच्या कामावर. कतारमध्ये २००७ पासून नियम होता, की १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन उघड्यावर काम करायचं नाही. नियम चांगला होता. पण साडेतीनला ऊन काही परत गेलेलं नसतं. एका जुलैमध्ये सुट्टी संपवून तो पुन्हा वर चढला आणि सळया बांधता बांधता खाली बसला, तो उठलाच नाही. सोबत्यांनी उचलून सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं. जगला. दोन दिवसांचा पगार मात्र कापला गेला.

सगळेच जगले नाहीत. २०१० नंतरच्या दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या देशांतले साडेसहा हजारांहून अधिक स्थलांतरित कतारमध्ये मरण पावल्याचं वृत्त 'गार्डियन'नं २०२१ मध्ये दिलं. हा आकडा सर्व कारणांच्या मृत्यूंचा आहे, तो सगळा स्पर्धेच्या कामावरच्या मृत्यूंचा नाही, आणि मजुरांची एकूण संख्या पाहता तो वावगा नाही, असं कतार सरकारचं म्हणणं होतं. ते लक्षात ठेवलंच पाहिजे. पण त्यातल्या कित्येकांच्या कागदांवर मृत्यूचं कारण 'नैसर्गिक' एवढंच लिहिलेलं होतं. नेपाळी मजुरांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ऊन आणि हृदयविकारानं आलेलं मरण यांचं नातं दिसून आलं.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. खेळाडूंना ऊन लागू नये, म्हणून जगाचं पंचांग बदलण्याचा निर्णय झाला मार्च २०१५ मध्ये. मजुरांसाठीची दुपारची बंदी वाढवली गेली मे २०२१ मध्ये. आता ती १ जून ते १५ सप्टेंबर आणि सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी झाली, शिवाय उष्णता-दमटपणाचा ठरावीक निर्देशांक ओलांडला, की काम थांबवायचं, असंही ठरलं. मधे सहा वर्षं गेली. २०२० संपेपर्यंत आठपैकी चार स्टेडियम तयार होऊन खुलीही झाली होती.

मामेभाऊ २०१९ मध्ये कायमचा परतला. अंतिम सामन्याच्या रात्री त्याचा फोन आला. खूश होता. पडद्यावर दिसणारे रस्ते मला समजावून सांगत होता, हा इकडे जातो, तो तिकडे. शेवटी म्हणाला, "भाई, खेळ थंडीत नेला ते बरं केलं. पण आमचं काम उन्हातच झालं ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचलं नाही.

हा प्रश्न पुन्हा येणार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये फिफानं २०३४ चा वर्ल्ड कप सौदी अरेबियाला दिला. रियाधचा उन्हाळा दोह्याहून सौम्य नाही. आणि या वेळी कतारची युक्तीही तशीच चालायची नाही, कारण फिरत फिरत २०३४ चा रमजान नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याच्या सुमाराला संपेल. तारखांवर पुन्हा खल होईल. क्लब बोलतील, वाहिन्या बोलतील, डॉक्टर बोलतील. बोलावंच. पण स्टेडियम, रस्ते आणि हॉटेलं त्याच्या आधीच्या आठ-दहा उन्हाळ्यांत बांधली जाणार, आणि त्या उन्हाळ्यांचं वेळापत्रक ठरवायला कुणी परिषद भरवत नाही.

मामेभावाचा मुलगा आता डिप्लोमा झाला आहे. त्यालाही आखातात जायचंय, रियाधच्या कामासाठी एका एजंटाशी बोलणं चाललंय. परवा बापलेक माझ्याकडे कागद दाखवायला आले होते. पोरगा पगाराचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होता. बापानं कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि विचारलं, "दुपारी काम किती वाजता थांबवतात, ते यात कुठं लिहिलंय?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी आहे, असं मी त्यांना सांगितलं. मामेभावानं खिशातलं पेन काढलं, कागदाच्या कोपऱ्यात ते लिहिलं आणि पोराला म्हणाला, "एजंटाला सांग, हे आधी यात घाल. मग सही."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)