अडकलेला कागद

परवा हापिसात पुन्हा तेच झालं. तिसऱ्या मजल्यावरून पंधरा पानं छापायला पाठवली, खाली जाऊन बघतो तर प्रिंटर लाल दिवा लावून गप्प! कागद अडकलेला. माझ्याआधी चौघांची कामं रांगेत, आणि चौघेही जागेवर निवांत. कागद ओढून काढताना १९८० च्या सुमाराची एमआयटीतली गोष्ट आठवली.

तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत सगळ्यांत मिळून एक प्रिंटर होता, असाच अडकणारा. यंत्रातला दोष काढणं रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरच्या हातात नव्हतं, पण प्रिंटर चालवणारा प्रोग्राम होता. त्याने त्यात बदल केला. कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. ज्यांचं काम खोळंबलंय त्यांच्यातलं कुणीतरी उठणारच!

पुढे झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर भेट दिला. वेगवान, सुबक, पण अडकायची खोड तीच. स्टॉलमन जुनी युक्ती करायला गेला, तर सोर्स कोड दिलेलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो आहे असं कळल्यावर त्याने तिथे जाऊन मागितला. नकार मिळाला. कोड कुणाला न देण्याच्या करारावर त्या संशोधकाने सही केली होती. स्टॉलमन संतापून तसाच परतला.

एवढ्या एकाच कारणाने क्रांती झाली असं नाही. प्रयोगशाळेतले सोबती कंपन्यांत गेले, तेही त्याला लागलं होतं. पण नकार त्याने विसरला नाही. २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली. कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क देणारा जीपीएल परवाना १९८९ मध्ये आला. लिनक्स आज त्याच परवान्याखाली मिळतं.

ही गोष्ट मी पीएचडी करताना पहिल्यांदा वाचली, तेव्हा त्या संशोधकाचा फार राग आला होता. मग नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी तसाच करार पुढे आला. मी मुकाट्याने सही केली. गेल्या वर्षी पुण्याच्या एका विद्यार्थ्याने मेल करून माझ्या कामातला एक छोटा प्रोग्राम मागितला. मी लिहिलं, "सॉरी, देता येणार नाही."

त्याचं उत्तर आलं नाही.