मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण : लिंगभाव

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची नावे, पडद्यावरचा मजकूर आणि प्रचार यांत सर्व लिंगभावांच्या वापरकर्त्यांना सारखे स्थान मिळावे, हा या नोंदीचा विषय. नावांत स्त्रिया पूर्वीपासून आहेत. ‘डेबियन’ (१९९३) हे नाव डेब्रा आणि इयन मर्डॉक यांच्या नावांतून झाले. ‘मायएसक्यूएल’ आणि ‘मारियाडीबी’ ही नावे त्यांचे एक निर्माते मायकेल विडेनियस यांच्या मुलींच्या नावांवरून आली. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाच्या देवनागरी फाँटाचे नाव ‘गार्गी’. पण नाव बाईचे असले म्हणून वापरणारी बाई असेल, हे कोणी ध्यानात घेतेच असे नाही. मराठीत खरी कसोटी क्रियापदाची आहे.

‘मी अटी मान्य करतो’ असे बटण समोर आले, की सोनपेठच्या (जि. परभणी) महाविद्यालयातल्या मुलीला पुरुषाच्या तोंडूनच संमती द्यावी लागते. कागदी स्वयंघोषणापत्रावर ‘करतो/करते’ छापून नको ते खोडायची सोय असते. मोबाइलच्या अरुंद बटणावर ती मावत नाही, आणि गरजही नाही : ‘मला अटी मान्य आहेत’ एवढे पुरते. ‘सामील झाला’ऐवजी ‘यांनी सदस्यत्व घेतले’ म्हटले, की क्रियापद सदस्यत्वामागे जाते आणि माणसाचे लिंग विचारावे लागत नाही. ‘तुम्ही बाहेर पडलात’ हे तर सर्वांना चालते. नपुंसकलिंग मात्र इथे उपयोगाचे नाही. मोठ्या माणसाला ‘ते आलं’ म्हणणे अपमानाचेच.

मराठी विकिपीडिया (१ मे २००३ पासून) ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात एकाच संदेशाला पुरुष, स्त्री आणि अनिर्दिष्ट अशी तीन रूपे देता येतात. सदस्याने पसंती नोंदवली नसेल तर तिसरे रूप दिसते. अनुवादकाने फक्त पुल्लिंगी रूप लिहिले तर तेच सर्वांच्या वाट्याला येते. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे, अनुवादाचा.

प्रचारातही हेच. ग्नोम प्रकल्पाने २००६ मध्ये स्त्रियांसाठी सुरू केलेला उपक्रम पुढे ‘आउटरीची’ झाला आणि इतर वंचित गटांनाही खुला झाला. आपल्याकडे कार्यशाळेचे निमंत्रण अजून ‘मित्रांनो’ने सुरू होते. ते बदलायला पैसा लागत नाही.

मीडियाविकीचे मराठी संदेश ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर नोंदणी करून कोणालाही सुधारता येतात. मराठी नीट लिहिणाऱ्या स्त्रियांनी, विशेषतः तालुक्याच्या गावांतल्या, हे काम हाती घ्यावे.