भुकेल्यांनी बांधलेला रस्ता

गेल्या वर्षी जूनमध्ये आयर्लंडला जाण्याचा योग आला. भाचा गॉलवे शहरात नोकरीला आहे. चार वर्षे तो ‘मामा, एकदा याच’ म्हणत होता. खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, रजा आणि व्हिसा या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात जुळून यायला तेवढा वेळ लागला. मी स्थापत्य पदविकाधारक, राज्य सरकारच्या नोकरीतला. रस्ते, मोऱ्या आणि संरक्षक भिंती यांतच बावीस वर्षे गेली. त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी नजर जाते ती पायाखालच्या रस्त्याकडे.

आयर्लंडमध्ये डोंगरदऱ्यांतून पायी हिंडण्यासाठी आखलेल्या वाटा पुष्कळ आहेत. डब्लिनच्या दक्षिणेची ‘विकलो वे’ ही त्यांतली पहिली, १९८० साली खुली झालेली. वाटेवरच्या खांबांवर चालणाऱ्या माणसाचे पिवळे चित्र असते. ते दिसले की आपण चुकलो नाही असे समजायचे. या वाटा बहुतेक जुन्याच मार्गांना जोडून आखल्या आहेत. कुठे मेंढरांची पायवाट, कुठे जळणाचे पीट वाहून आणण्याचा गाडीरस्ता. विकलोच्या डोंगरातून जाणारा मोठा रस्ता तर लष्करी आहे. १७९८ च्या उठावानंतर डोंगरात लपलेल्या बंडखोरांना हुसकून काढण्यासाठी इंग्रज सरकारने तो १८०० ते १८०९ या काळात बांधला. सह्याद्रीच्या घाटांचा इतिहास वाचलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. पण मला वेगळ्याच एका रस्त्याविषयी सांगायचे आहे.

गॉलवे आणि मेयो या दोन काउंटींच्या हद्दीवर किलरी नावाचा समुद्राचा चिंचोळा फाटा सुमारे १६ किलोमीटर आत शिरला आहे. उत्तरेच्या काठावर ८१४ मीटर उंचीचा म्वीलरी डोंगर थेट पाण्यातून उठल्यासारखा दिसतो. दक्षिण काठावर रोसरो नावाचा लहानसा धक्का आहे. तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन १९४८ साली त्या धक्क्याजवळच्या घरात राहत होता. तिथून पाण्याच्या कडेकडेने गवताने हिरवा झालेला एक जुना रस्ता निघतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये काळ्या तोंडाची मेंढरे आणि दर अर्ध्या तासाला येणारा पाऊस. त्या दिवशी रस्त्यावर आम्ही दोघेच होतो.

मी सवयीने रस्ता तपासत होतो. उतार कापून सपाटी काढलेली, पाण्याच्या बाजूला दगड रचून आधार दिलेला. कमीजास्त चढउतार टाळून एकाच पातळीने नेलेली आखणी. मी भाच्याला म्हणालो, ‘‘ज्याने ही आखणी केली त्याला काम कळत होते.’’ तो म्हणाला, ‘‘मामा, हा दुष्काळी कामाचा रस्ता आहे.’’ मग तो गप्प झाला आणि मीही.

अर्ध्या वाटेवर फोहर नावाचे ओसाड गाव लागते. छपरे नाहीत, नुसत्या दगडी भिंती. मागच्या चढणीवर गवताखाली एकाशेजारी एक उंचवटे दिसतात, अगदी आपल्या सरी-वरंब्यांसारखे. ते बटाट्याचे वाफे. इंग्रजीत त्यांना चक्क ‘आळशी वाफे’ म्हणतात. त्या खडकाळ चढणीवर फावड्याने माती उपसून आणि समुद्रातले शेवाळ पाठीवर वाहून खत घालणाऱ्या माणसांना आळशी कोण म्हणाले असेल, देव जाणे.

१८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक कुजले. गरीब कुळे फक्त बटाट्यावर जगत होती. पिकवलेले धान्य खंडापायी जात होते. लोक उपाशी असताना बंदरांतून धान्य, लोणी आणि जनावरे बाहेर जातच होती. सरकारने दुष्काळी कामे काढली. नियम असा की, कामातून कोणा खाजगी मालकाचा फायदा होता कामा नये. म्हणजे शेतीतला निचरा किंवा जमिनीची सुधारणा बाजूला राहिली आणि रस्ते निघाले. काही रस्ते पाणथळ माळात जाऊन तिथेच संपले. मार्च १८४७ मध्ये अशा कामांवर रोज सात लाखांहून अधिक माणसे होती. त्यांत बायका आणि मुलेही होती, आणि तो हिवाळा अतिशय कडक होता.

मजुरी मोजमापावर होती. जितके काम मोजून भरेल तितके पैसे. ज्याने चार दिवस खाल्ले नाही त्याचे काम कमी भरते, कमी पैशांत धान्य कमी येते आणि पुढच्या आठवड्यात काम आणखी कमी भरते. हे गणित समजायला पदविका लागत नाही. त्यात मोजणारी माणसे अपुरी, म्हणून पैसे उशिरा. कॉर्क काउंटीत स्किबरीनच्या बाजूला ऑक्टोबर १८४६ मध्ये डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर रस्त्याच्या कामावरच मेला. त्याची दोन आठवड्यांची मजुरी थकली होती. चौकशीला बसलेल्या पंचांनी निकाल दिला, की तो उपासमारीने मेला आणि त्याला बांधकाम मंडळाची घोर हयगय कारणीभूत आहे.

हा निकाल मी गॉलवेला परतल्यावर वाचला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर होतो. तलावातला गाळ काढायचे काम होते. निवडणुकीची ड्यूटी, वरिष्ठांची पाहणी अशा कारणांनी माझी मोजणी लांबत गेली. कायद्याने पंधरा दिवसांत मिळायची मजुरी पाच आठवड्यांनी मिळाली. एक बाई रोज संध्याकाळी विचारायची, ‘‘साहेब, मोजलं का?’’ मी ‘उद्या’ म्हणायचो. मधल्या काळात तिने कानातले गहाण ठेवले होते, हे मला नंतर कळले. कारणे खरी होती, पण मोजमाप पुस्तक माझ्या पिशवीत होते.

आयर्लंडमध्ये १८४७ च्या वसंतात ही कामे बंद करण्यात आली आणि फुकट सूप वाटणारी केंद्रे निघाली. जुलैमध्ये रोज तीस लाख लोक तिथे जेवत होते. म्हणजे मनात आणले तर सरकारला अन्न पोचवता येत होते. पण काही महिन्यांतच तीही बंद झाली आणि भार अनाथालयवजा गरीबगृहांवर पडला. पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला मदत नाही, असा कायदा झाला. पोटासाठी लोकांनी जमिनी सोडल्या. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली.

किलरीच्या उत्तरेला मेयोत डूलॉख नावाची दरी आहे. दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये लांबट काळेशार तळे. तिथले फलक आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहेत. बेळगावकराची नजर फलकांकडे गेल्याशिवाय राहते थोडीच! डूलॉख म्हणजे आयरिशमध्ये ‘काळे तळे’. दुष्काळाने सर्वांत जास्त माणसे नेली ती याच पश्चिम भागातली, जिथे घरोघरी आयरिश बोलली जात होती. भाषेला तो घाव आजवर भरून काढता आलेला नाही.

३० मार्च १८४९ रोजी लुइसबर्ग गावात शेकडो भुकेले लोक पाहणीसाठी जमले होते. मदतीला कोण पात्र हे अधिकारी ठरवणार होते. अधिकारी मात्र पुढे डेल्फी येथील शिकारबंगल्यावर गेले आणि लोकांना निरोप आला, की सकाळी सातला तिथे हजर राहा, नाहीतर यादीतून नाव जाईल. अंतर सुमारे १९ किलोमीटर. लोक रात्रभर थंडीपावसात चालले. बंगल्यावर साहेब जेवत होते म्हणून त्यांना थांबवले आणि काही न देताच परत पाठवले, असे तिथे आजही सांगतात. परतीच्या वाटेवर लोक कोसळले. त्या वेळच्या वृत्तपत्राला आलेल्या एका पत्रात रस्त्यालगत सापडलेल्या सात प्रेतांचा उल्लेख आहे. लोकांच्या आठवणीतला आकडा शेकड्यांचा आहे.

तिथे आता दगडी क्रूस उभा आहे आणि त्यावर चक्क गांधीजींचे वचन कोरले आहे. दरवर्षी लोक त्या रस्त्याने पायी चालतात. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू त्यांच्याबरोबर चालले होते. अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींची आठवणही इथे काढली जाते. स्वतः देशोधडीला लागलेल्या या लोकांनी १८४७ मध्ये आयर्लंडसाठी १७० डॉलर जमवून पाठवले होते. कोलकात्याहूनही १८४६ मध्ये सुमारे १४ हजार पौंड गेले. देणाऱ्यांत तिथल्या सैन्यातले आणि कंपनीच्या नोकरीतले आयरिश पुष्कळ होते.

आपल्याशी असलेला दुसरा धागा मात्र कडू आहे. आयरिश दुष्काळात लंडनच्या खजिन्यातून मदतीच्या दोऱ्या हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन हे मेकॉलेचे मेहुणे. कारकीर्द कंपनीच्या नोकरीत सुरू झालेली. १८५९ मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले आणि पुढे हिंदुस्थानचे अर्थमंत्री. फुकट मदतीने गरीब बिघडतो, हा त्यांचा विचार सरकारी दप्तरात टिकला. १८७६-७८ च्या दुष्काळात आपला बेळगाव जिल्हाही होरपळला. तेव्हा रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी पौंडभर धान्याच्या किमतीपर्यंत आणि वर किरकोळ पैशांपर्यंत उतरवली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या दुष्काळातल्या मजुरांच्या हातचे रस्ते आणि कालवे आजही वापरात आहेत. मी स्वतः त्यांवर डांबर टाकले असेल.

आपल्या अनेक घरांतली मुले आता आयर्लंडमध्ये आहेत. त्यांच्याकडे गेलात तर डब्लिनची दुकाने पाहाच, पण एक दिवस किलरीसाठी ठेवा. रेनकोट आणि पाण्यात टिकणारे बूट हवेत. रोसरोपासून फोहरपर्यंत चाला, मग गाडीने डूलॉखच्या दगडापाशी या. तिथे फूल मिळत नाही. आम्ही वाटेवरचा एक खडा उचलून क्रूसाच्या पायथ्याशी ठेवला.

परत आल्यावर मी एक नियम केला आहे. सध्या माझ्याकडे असलेल्या कामाची मोजणी शनिवारी संध्याकाळी होते, पाहणी असो वा नसो. आतापर्यंत दोनदा चुकलो आहे. दोन्ही वेळा सोमवारी सकाळी मजुरांसमोर उभे राहून तसे सांगितले.