भुयारातला यार

एकमेकांच्या प्रेमात पडलेले दोन पुरुष, एक पडका वाडा, वरच्या मजल्यावर कुलूपबंद खोली आणि रात्री जिन्यावर पावले. असल्या कादंबऱ्या मी चवीने वाचतो. अडते ते एकाच ठिकाणी: यांना मराठीत म्हणायचे काय?

इंग्रजीत यांना 'गॉथिक' म्हणतात; ही मुळात शिवी असावी. 16व्या शतकात इटलीतल्या कलासमीक्षकांना टोकदार कमानींची जुनी चर्चे रानटी वाटली, म्हणून ती गॉथ टोळ्यांच्या माथी मारली गेली. बांधली मात्र गॉथांनी नव्हती. आपल्या 'हेमाडपंती'चेही असेच दिसते, फक्त शिवीऐवजी मान. ज्याच्यावरून हे नाव पडले तो हेमाद्री 13व्या शतकातला, अंबरनाथचे देऊळ 1060चे, तरी लोकांच्या तोंडी तेही हेमाडपंतीच! पुढे होरेस वॉलपोलने 1765 साली 'कॅसल ऑफ ऑट्रँटो' या आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला 'गॉथिक कथा' म्हटले आणि इमारतीचे विशेषण गोष्टीला चिकटले.

गंमत अशी की गॉथ आपल्या गढ्यांवर केव्हाच चढून बसलेले असावेत. बुरूज अरबी 'बुर्ज'वरून आला, हे उघड. बुर्जच्या मागे ग्रीक 'पिर्गोस' की लॅटिन 'बुर्गुस', हा वाद आहे. लॅटिनची बाजू धरली तर तिच्याआड जर्मानिक 'बुर्ग' दिसतो, आणि चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात त्याचाच भाऊ 'बौर्ग्स' नगर या अर्थाने भेटतो.

बुरुजाखाली भुयार. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरकडे गढी म्हटली की भुयार आलेच. ते थेट नदीला निघते म्हणतात, त्यात उतरलेला माणूस मात्र मला भेटलेला नाही. संस्कृत भूमिगृह, प्राकृत भूमिहर, मग भुयार, अशी उतरंड असावी. त्यातल्या 'यार'चा फारसी याराशी सुतराम संबंध नाही. तरी मला तो तिथेच दडलेला दिसतो, त्याला इलाज नाही.

फारसी यार म्हणजे आधी साथीदार, मदतगार, मग प्रियकर. मराठीत तो 'तिचा यार'मध्ये बदनाम झाला आणि 'काय यार'मध्ये निर्दोष सुटला. फारसीत व्याकरणाला लिंग नाही, म्हणून यार तो की ती, हे गझल सांगत नाही. औरंगाबादच्या सिराज या कवीने मात्र 18व्या शतकात आडपडदा ठेवलेला नाही. त्याच्या 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीत एका तरुणावरचे प्रेम आहे.

मराठीला धुके परवडत नाही. 'मी आलो' म्हणताच कंदील वर होतो. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (2006) भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर जीव लावतात. ती गॉथिक नव्हे; पण 'आलो' आणि 'आले' एवढ्याशा फरकाने घराच्या भिंती हलतात, तेव्हा मला तीच चव लागते.

'समलिंगी गॉथिक प्रणयकथा' हे नाव शासननिर्णयासारखे वाटते. मी वहीत 'भुयारकथा' लिहून ठेवले आहे. एका मित्राला ऐकवले. लातूरचाच तो, म्हणाला, "कितव्या फुटाला पाणी लागलं?"