रिकाम्या दिवसांची कूड

ज्याला महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार मिळतो, त्याला रिकामा दिवस म्हणजे सुटी. ज्याचे पोट मिळेल त्या कामावर अवलंबून असते, त्याला तोच दिवस धास्ती घालतो. ‘फ्रीलान्स’ हा शब्द आपल्या घरांत उशिरा रुळला. त्यामागची चिंता मात्र जुनी आहे. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या ख्रिस्ती माणसांनी या चिंतेवर एक उपाय उभा केला होता. त्याचे नाव कूड. मराठीत कूड म्हणजे काटक्यांची भिंत. कोंकणीत कूड म्हणजे खोली.

एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातून मुंबईस येणाऱ्यांत आचारी, शिंपी, वादक आणि खलाशी यांचा भरणा मोठा होता. यांतील खलाशाची, म्हणजे कोंकणीतल्या तारवट्याची, नोकरी कायमची नसे. सफरीपुरता करार व्हायचा आणि जहाज परतले की तो संपायचा. पुढचे जहाज कधी मिळेल, हे कोणीच सांगू शकत नसे. कामे थोडी आणि हात फार, म्हणून भरती करून देणारे मध्यस्थ लाच घेत. 1920 साली जेनोआ येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने खलाशांना काम मिळवून देण्यासाठी पैसे आकारू नयेत, असा ठराव केला. परंतु 1931 साली हिंदुस्थानातील कामगारविषयक शाही आयोगाने अहवाल दिला, तेव्हाही खलाशांची संख्या उपलब्ध जागांपेक्षा कितीतरी अधिकच होती. कायद्याची मदत पोहोचेपर्यंत माणसाने राहावे कोठे आणि खावे काय?

याचे उत्तर गावाने दिले. एकेका गावाने मुंबईत एक-दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वर्गणी नाममात्र. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, रात्री जमिनीवर पथारी. माणूस समुद्रावर गेला तरी त्याची पेटी आपल्या जागी राहत असे, कारण तो परतणार आणि परतला की बेकार असणार, हे गृहीतच होते. मला या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. बेकारी हा अपघात नसून धंद्याचाच एक ऋतू आहे, हे तिने आधीच मान्य केले होते. आपण पावसाळ्याची बेगमी करतो, तशी ही बेगमी. फरक इतकाच की ती एकट्याच्या कणगीत नसून साऱ्या गावाच्या नावे असे. आजारपण आणि अंत्यविधी यांसाठीही सभासद एकमेकांच्या मदतीस येत. खोलीत गावच्या पाठीराख्या संताची वेदी असे आणि सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणण्याचा नियम असे. ज्याच्या हाताला दिवसभर काम नाही, त्याला ठरल्या वेळेची प्रार्थना किती आधार देत असेल, हे बेकारी भोगलेल्यास सांगावे लागणार नाही.

तरी कुडीचे चित्र केवळ गोड रंगवू नये. गावची जातीपाती काही कुडींतही पोहोचली होती. शिवाय बहुतेक कुडी पुरुषांसाठी होत्या. गावी मनीऑर्डरची वाट पाहत उधारीवर घर चालविणाऱ्या स्त्रीचे रिकामे महिने कोणत्याही वहीत नोंदले गेले नाहीत.

वादकांची कथा थोडी निराळी. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त्र्यांनी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले होते. तीच त्यांची शिदोरी. मूकपटांच्या काळी चित्रपटगृहांत वादक लागत. 1931 साली ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू लागला आणि ते काम गेले. मग हॉटेलांतील नृत्यवाद्यवृंद आले. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने त्या रात्रींचाही रंग उतरला. प्रत्येक वेळी टिकले ते दुसरे वाजविणे शिकलेले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शाव्हियर वाझ हॉटेलात ट्रम्पेट वाजवीत असत आणि आपल्या सी. रामचंद्रांबरोबर 1951 च्या ‘अलबेला’सारख्या चित्रपटांचे कामही करीत. स्टुडिओतही पैसे ध्वनिमुद्रणागणिक मिळत. बोलावणे आले तर दिवस सार्थकी.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस 1943 साली मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. उरलेल्या वेळात त्यांनी रागांवर आधारलेल्या सिंफनी रचल्या आणि 1958 साली भारतीय वाद्यवृंद उभारून त्या ऐकविल्या. त्यांतून पैसा फारसा आला नाही. त्यांना मात्र तेच आपले खरे काम वाटे. 1965 साली ते अमेरिकेस गेले. 1977 च्या चित्रपटगीताने त्यांचे नाव देशभर पोहोचविले, तेव्हा ते स्वतः या व्यवसायापासून दूर होते. 2012 साली त्यांचे निधन झाले.

पुढे सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतील व्हायोलिनच्या रांगा ओसरल्या. तारवट्यांची जहाजेही बदलली. आता ते पर्यटकांच्या क्रूझवर स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात दिसतात. करार आजही ठरावीक महिन्यांचाच असतो. मेट्रो सिनेमाजवळच्या जेर महाल या जुन्या इमारतीतील कुडींत वैद्यकीय तपासणीसाठी आणि कागदपत्रांसाठी आलेली गोव्याची मुले पथारी टाकीत आली आहेत, उशाशी पेटीऐवजी चाकांची बॅग घेऊन.