मेरी रीबी : दोन नोंदींमधील एक आयुष्य

काळे पाणी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात अंदमान आणि तेथील राजबंदी उभे राहतात. ब्रिटिश साम्राज्याने समुद्रापार धाडलेल्यांत बहुसंख्य मात्र चोरीसारख्या साध्या गुन्ह्यांचे कैदी होते. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडने आपल्या कैद्यांसाठी ऑस्ट्रेलियाचा किनारा निवडला. १७८८ ते १८६८ या काळात तेथे सुमारे १,६२,००० कैदी उतरले. त्यांत स्त्रिया सुमारे २५,०००. त्यांपैकी एकीच्या दोन नोंदींकडे आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे. दोन्ही तिने स्वतःच सांगितलेल्या, आणि दोन्हींत तिने स्वतःला लपविलेले.

मेरी हेडॉक हिचा जन्म १७७७ मध्ये लँकेशायरमधील बरी या गावी झाला. आईवडील वारल्यावर आजीने तिला वाढविले. तेरा-चौदाव्या वर्षी ती घोडाचोरीच्या आरोपावरून पकडली गेली, तेव्हा तिच्या अंगावर मुलाचे कपडे होते आणि तिने नाव सांगितले जेम्स बरो. ही पहिली नोंद. स्टॅफर्ड येथील खटल्यात तो मुलगा नसून मुलगी असल्याचे उघड झाले. घोडाचोरीला त्या काळी इंग्लंडात देहान्ताची शिक्षा होती. मेरीच्या वाट्याला सात वर्षांची हद्दपारी आली. ऑक्टोबर १७९२ मध्ये 'रॉयल ॲडमिरल' जहाजातून ती सिडनीला पोचली. तेव्हा नातेवाइकांना धाडलेल्या पत्रात दोन-तीन वर्षांत येथून निघण्याची आशा तिने व्यक्त केली आहे. मायदेश पुन्हा दिसायला प्रत्यक्षात अठ्ठावीस वर्षे लागली.

१७९४ मध्ये तिने टॉमस रीबी या आयरिश तरुणाशी विवाह केला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. कलकत्त्याच्या एन्टाली भागाचे नाव पुढे या कुटुंबाच्या सिडनीतील घराला मिळाले, ते याच संबंधातून. हॉक्सबरी नदीकाठी त्यांना शेतजमीन मिळाली. ती मुळात धारुग लोकांची भूमी होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. नदीतून धान्याची वाहतूक, मग जहाजे, मग भारत आणि चीनशी व्यापार असा पसारा वाढला. १८११ मध्ये टॉमस वारला. मेरीच्या पदरी सात मुले होती आणि सारा व्यवहार तिच्यावर आला. विवाहित स्त्रीची मिळकत कायद्याने नवऱ्याची मानली जाण्याच्या त्या काळात वैधव्यानेच तिला स्वतःच्या नावाने व्यवहार करण्याची मोकळीक दिली. १८१२ मध्ये तिने नवी वखार उघडली. १८१६ च्या सुमारास तिची मालमत्ता २०,००० पौंडांची मानली जात होती. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली, ती तिने भाड्याने दिलेल्या घरात. त्याच वर्षी एका ऋणकोला मारहाण केल्याबद्दल न्यायालयाने तिला दोषीही ठरविले. बाई सोशिक नव्हती.

१८२० मध्ये ती दोन मुलींना घेऊन इंग्लंडला गेली आणि पुढल्या वर्षी परतली. मधल्या काळात वसाहतीतील वारे फिरत होते. शिक्षा भोगून मुक्त झालेल्यांना प्रतिष्ठा देणारा गव्हर्नर मॅक्वॉरी याची कारकीर्द १८२१ अखेर संपली. त्याच्या धोरणाची चौकशी करणाऱ्या बिग याच्या अहवालांनी या उदारपणावर ठपका ठेवला. 'कोण कसा आला' हा प्रश्न पुन्हा कुळाच्या प्रश्नासारखा टोकदार झाला. अशा वेळी, १८२८ च्या जनगणनेत, मेरीने स्वतःविषयी लिहवून घेतले : १८२१ मध्ये मुक्त म्हणून आली. ही दुसरी नोंद.

ही नोंद खोटी म्हणावी काय? अक्षरार्थाने ती खरी आहे. इंग्लंडहून परतताना ती मुक्तच होती. वगळले आहे ते फक्त पहिले आगमन. मुलीला एकटीने बाहेर पडणे अशक्य होते तेव्हा तिने मुलाचे सोंग घेतले. माजी कैद्याला समाजात उभे राहणे अवघड झाले तेव्हा ती स्वतंत्र प्रवासी झाली. आमच्या मते या दोन नोंदी तिच्या स्वभावापेक्षा, त्या मागणाऱ्या दोन समाजांविषयी अधिक सांगतात. दफ्तरातील कागद पुरावा असतो, पण तो कोणत्या भीतीपोटी लिहिला गेला हे वाचता आले नाही तर तो अर्धाच पुरावा ठरतो.

३० मे १८५५ रोजी ती वारली. तिचा नातू पुढे टास्मानियाचा पंतप्रधान झाला. १९९४ पासून तिचे चित्र ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. २०१९ च्या नव्या नोटेतही ते कायम राहिले. जो भूतकाळ तिने जनगणनेतून पुसला, त्याच्यामुळेच आज तिचे कौतुक होते. पण हा मान कैदी स्त्रीला मिळाला की यशस्वी व्यापारी स्त्रीला, हे विचारावेसे वाटते. तिच्यासारख्याच चोरीसाठी धाडलेल्या हजारो जणींना वखार नव्हती, जहाज नव्हते. त्यांतील अनेकींची दफ्तरातली ओळख गुन्हा, शिक्षा आणि जहाजाचे नाव एवढीच राहिली. त्यांच्यापाशी बदलून सांगण्यासारखी दुसरी नोंदच नव्हती.