पहिल्या पसंतीचे धाडस : अमेरिकेतील शल्यविशारदांच्या निवडीचा इतिहास

१/ परीक्षेतील गुण बेताचे आहेत, पण शल्यविशारद व्हायचे आहे. अशा वेळी नामांकित रुग्णालयाचे नाव यादीत पहिले लिहावे, की हाती लागेल अशा रुग्णालयाचे? अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे दरवर्षी उभ्या राहणाऱ्या या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. #धागा

२/ बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तेथे विल्यम हॉलस्टेड यांनी जर्मन धर्तीवर शल्यप्रशिक्षणाची पद्धत घडवली. शिकाऊ डॉक्टराने रुग्णालयातच राहायचे. शिक्षणाला ठरावीक मुदत नव्हती. किती वर्षे लागतील हे गुरूच ठरवत.

३/ ही रचना पिरॅमिडसारखी होती. पायथ्याशी अनेक, शिखरावर एक. हॉलस्टेड यांच्या तीन दशकांच्या कारकिर्दीत प्रमुख निवासी शल्यविशारदाच्या पदापर्यंत पोहोचून प्रशिक्षण पूर्ण करणारे केवळ १७ जण होते. बाकीचे मध्येच गळाले किंवा दुसऱ्या वाटेने गेले.

४/ १९४० च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एडवर्ड चर्चिल यांनी पिरॅमिडऐवजी आयताचा आराखडा मांडला. जितके घ्यायचे, त्यांतील बहुतेकांना शेवटपर्यंत शिकवायचे. परिणामी चाळणीची जागा बदलली. आत गेल्यावर होणारी गळती कमी झाली आणि दारातली निवड निर्णायक ठरू लागली.

५/ या दारापाशी तेव्हा अनागोंदी होती. इंटर्नच्या जागा विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असल्याने रुग्णालयेच एकमेकांशी स्पर्धा करत. प्रत्येकाला इतरांच्या आधी विद्यार्थी पटकवायचा असे. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नेमणुका पदवीच्या तब्बल दोन वर्षे आधी होऊ लागल्या होत्या. ज्याचे गुण पुरते कळलेलेही नाहीत, त्याचे भवितव्य ठरून जाई.

६/ १९४५ पासून महाविद्यालयांनी ठरावीक तारखेपूर्वी गुणपत्रके आणि शिफारसपत्रे देणे थांबवले. मग घाई वेगळ्या रूपात परतली. होकार कळवण्याची मुदत आक्रसू लागली. १९४९ मध्ये विचारासाठी १२ तास देण्याचा प्रस्ताव आला, तर रुग्णालयांच्या संघटनेला तेवढा वेळही फार वाटला!

७/ यात भरडला जाई तो मधल्या फळीतील विद्यार्थी. दुसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाचा प्रस्ताव हाती आहे, पहिल्याकडून अजून उत्तर नाही. होकार द्यावा तर स्वप्न सुटते, थांबावे तर हातचे जाते. अव्वल विद्यार्थ्याला ही चिंता सहसा नसे.

८/ उपाय म्हणून मध्यवर्ती जुळवणी सुचवण्यात आली. विद्यार्थ्याने रुग्णालयांचा पसंतीक्रम द्यायचा, रुग्णालयाने विद्यार्थ्यांचा, आणि एका यंत्रणेने जोड्या लावायच्या. आपल्याकडील समुपदेशन फेऱ्यांशी याचे साम्य वाटते, पण फरक मूलभूत आहे. येथे गुणानुक्रम सर्वांसाठी एकच असतो; तेथे प्रत्येक रुग्णालय स्वतःचा क्रम लावते.

९/ पहिल्या प्रायोगिक पद्धतीत मात्र एक खोट होती. विद्यार्थ्याने आवाक्याबाहेरचे रुग्णालय पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही, तर दुसऱ्या क्रमांकाच्या रुग्णालयातील जागा त्याची पाळी येण्यापूर्वीच, ते रुग्णालय पहिले लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाला जाऊ शके. म्हणजे मोठी आकांक्षा प्रामाणिकपणे लिहिण्याचीच शिक्षा!

१०/ ही खोट विद्यार्थ्यांनीच ओळखली. १९५१ मध्ये त्यांनी देशव्यापी विरोध संघटित केला. नेतृत्व करणाऱ्यांत हार्वर्डचा विद्यार्थी हार्डी हेंड्रेन होता, जो पुढे नामवंत बालशल्यविशारद झाला. अधिकाऱ्यांना नमते घ्यावे लागले आणि बोस्टन परिसरात आधीपासून रूढ असलेली पद्धत स्वीकारली गेली. १९५२ ची पहिली राष्ट्रीय जुळवणी तिच्यानुसार झाली.

११/ नव्या पद्धतीत जोडी आधी तात्पुरती लागे. अधिक पसंतीची जागा मिळाली तरच विद्यार्थी हातची सोडी. त्यामुळे वर मोठे नाव लिहिल्याने खालची जागा निसटत नसे. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी हेच तत्त्व स्वतंत्रपणे सिद्ध केले. रुग्णालयांची पद्धत मूलतः तीच असल्याचे ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवले.

१२/ तरीही या रचनेत प्रस्तावाची सुरुवात रुग्णालयाकडून होई आणि झुकते माप त्याच्याच बाजूला पडे. १९९८ पासून रॉथ यांच्या सुधारित पद्धतीनुसार सुरुवात उमेदवाराच्या पसंतीपासून होऊ लागली. २०१२ मध्ये रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

१३/ मग गुणांचे काय? १९९२ पासून सुरू झालेली तीन टप्प्यांची राष्ट्रीय परीक्षा मुळात परवान्यासाठी आहे. डॉक्टर किमान पात्र आहे का, एवढेच तिने सांगायचे. पण अर्जांचा ढीग वाढला तशी पहिल्या टप्प्याची गुणसंख्या चाळणी म्हणून वापरली जाऊ लागली. २०२२ च्या जानेवारीअखेर त्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा झाला. गुणसंख्येचा भार साहजिकच दुसऱ्या टप्प्याकडे सरकला.

१४/ पिरॅमिडची सावलीही पुरती गेलेली नाही. शल्यशाखेत पूर्ण प्रशिक्षणाची हमी देणाऱ्या जागांसोबत केवळ एक-दोन वर्षांच्या ‘प्रिलिमिनरी’ जागा असतात. त्या संपल्यावर पुढची वाट पुन्हा शोधावी लागते. बेताचे गुण असलेल्याने रुग्णालयाच्या नावाआधी जागेचा हा प्रकार पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

१५/ या इतिहासातून दोन टप्पे स्पष्ट वेगळे होतात. अर्ज करताना व्यवहार पाहावा लागतो : विद्यापीठांच्या मोठ्या रुग्णालयांसोबत स्थानिक रुग्णालयेही निवडायची, आपल्यासारख्या उमेदवारांना पूर्वी कुठे संधी मिळाली ते तपासायचे. मुलाखती झाल्यावर पसंतीक्रम लावताना मात्र हिशेब बाजूला ठेवायचा आणि मनातला खरा क्रम लिहायचा.

१६/ कारण पहिली पसंती निर्धास्तपणे लिहिता यावी, ही सोय कुणी उदारपणे बहाल केलेली नाही. पदवीही हाती नसलेल्या विद्यार्थ्यांनी नियमावली बारकाईने वाचली, तिच्यातील अन्याय दाखवून दिला आणि ती बदलायला लावली. बेताच्या गुणांचा उमेदवार आज सर्वांत वर आपल्या स्वप्नाचे नाव लिहितो, तेव्हा तो त्यांनीच मिळवलेला हक्क बजावत असतो.